परवान्यावरचा फोटो

हिकरी गॅप
१४ मार्च, शनिवार

लाडक्या रॉंडल,

आधी खाली बस. तिकडे खुर्ची देत नसतील तर पलंगावर बस. तुझी आजी परीक्षेत पास झाली!

होय, मीच. जिला तिसरीतून काढून तंबाखूच्या शेतात लावली होती ती व्हेस्टा शेल्टन आज अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये लेखी परीक्षा देऊन पास झाली, आणि जेवणानंतर मागच्या माळावर पिस्तूल झाडूनही पास झाली. आयुष्यातलं पहिलं प्रमाणपत्र. फ्रीजवर लावलंय, तू सहावीत काढलेल्या कोंबडीच्या चित्राशेजारी. आता सरकारकडून परवाना येईल आणि मग मला पिस्तूल पर्समध्ये घालून कुठेही फिरता येईल, चर्चच्या जेवणालासुद्धा. माझ्या मैत्रिणीनं, इमोजीननं तर तिच्या बायबलला चेनचं कव्हर शिवून घेतलंय आणि आत कप्पा केलाय. मी म्हटलं, "अगं, एखाद्या दिवशी चुकून भलतीच चेन उघडशील आणि सगळं चर्च बाकाखाली जाईल." ती म्हणाली, "पाळकाचं प्रवचन तरी लवकर संपेल."

कशासाठी हे सगळं, असं तू विचारशील. इमोजीनच्याच आग्रहानं. मागच्या महिन्यात मी मागच्या दाराच्या पायरीवरून पडले आणि मनगट दुखावलं, तेव्हापासून ती म्हणते की एकट्या बाईनं घरात काहीतरी ठेवावं. पायरीवरून पडण्याचा आणि पिस्तुलाचा काय संबंध ते विचारू नकोस, इमोजीन कशी आहे तुला माहीत आहे. तुझ्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर कपाटात मोज्यांखाली होतंच. तेल पाजलं, झालं.

शिकवायला टिपटनमास्तर होते. तेच, पोलिसातले जुने डेप्युटी, ज्यांच्या मिशीला घाबरून तू लहानपणी माझ्या झग्यात तोंड लपवायचास. आता मिशी पांढरी झालीय आणि ते चर्चमध्ये वर्गणीची ताटली फिरवतात. सकाळभर कायदा सांगत होते. बाळा, कायदा म्हणजे आपली गोधडी आहे रे, प्रत्येक तुकडा वेगळ्याच झग्याचा. आपल्या राज्यात परवाना असला की बंदूक उघडी लटकवा नाहीतर लपवा, दोन्ही चालतं. डोंगर ओलांडून कॅरोलिनात गेलं की उघडी लटकवायला काही लागत नाही, पण वरून कोट घातला आणि ती झाकली गेली की परवाना दाखवा. आणि शिकागोकडे तर बाळगायचीच नाही. इमोजीनची बहीण शिकागोला असते. ती म्हणाली, "मग मी वाटेत पुरून ठेवू का काय, कुत्र्यानं हाड पुरावं तशी?" मास्तर म्हणाले, "इमोजीनबाई, तुम्ही बसनं जा आणि बंदूक घरी ठेवा." म्हणाले, कायदा लपवा म्हणत नाही, तरी लपवाच. दुसऱ्याला दिसली की त्याच्या मनात एक विचार येतो, आणि तो विचार तुम्हाला नको असतो.

मग मला विचारलं, "व्हेस्टाबाई, समोरून माणूस अंगावर चालून आला तर आधी काय कराल?"

मी म्हटलं, "कोण आहे ते बघेन. ओळखीचा असला तर जेवलास का विचारेन."

सगळा हॉल हसला. मास्तर हसले नाहीत. "ओळखीचा असला तरी?" एवढंच म्हणाले आणि पुढच्या धड्याकडे वळले.

आता तुझं. जूनमध्ये तुझ्या पॅरोलची, शिक्षा संपायच्या आधी सोडण्याची, सुनावणी आहे ना, सुटल्यावर राहणार कुठे ते लिहून द्यायचं असतं म्हणे. आपलाच पत्ता दे. दुसरा आहे तरी कुठला? तुझ्या खोलीला मी रंग काढणार आहे. निळा की पिवळा ते कळव. दोन वर्षांत तू पत्र लिहिलं नाहीस, पण रंग कळवायला चार अक्षरं पुरतात.

आणि हो, त्याचं नाव पत्रात लिहायचं नाही असं तू गेल्या वेळी भेटीच्या काचेपलीकडून म्हणालास ते लक्षात आहे. तुझा बाप असला तरी माझ्या पोटचा मुलगा आहे तो, पण नाही लिहिणार. दुकान त्यानं लुटायचं, गाडीत बसलेल्या तुझ्याकडे बोट दाखवायचं आणि स्वतः आधी सुटायचं, हे मीही विसरले नाही. मी त्याला पाहुणा म्हणेन. तर पाहुणा मधेमधे येतो. फार नाही. टीव्ही दुरुस्तीला घेऊन गेलाय.

तुझी आजी


हिकरी गॅप
१६ एप्रिल, गुरुवार

लाडक्या रॉंडल,

या महिन्यात हसून हसून पोट दुखलं. परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे असतात. गाडीच्या लायसन्सची खिडकी आहे ना तालुक्याला, तिथेच. तिथली पोर माझं एकेक बोट काचेवर लाटल्यासारखं दाबत होती आणि यंत्र दर वेळी नाही नाही म्हणून लाल दिवा लावत होतं. शेवटी ती म्हणाली, "आजी, तुमच्या बोटांवर काही नाहीच!"

मी म्हटलं, "कसं असेल बाई? तीस वर्षं कॅनिंगच्या कारखान्यात उकळते टोमॅटो सोललेत. टोमॅटोची सालं गेली त्यांच्याबरोबर माझीही गेली."

मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "अशा बाईनं तर बँका लुटायला हव्या होत्या." मी जोरात हसले. मग तुझी आठवण झाली आणि हसू आवरलं. चुकले. तुला असा विनोद लिहायला नको होता, पण आता शाईनं लिहिलंय.

पोरीनं सांगितलं रोज हाताला मलम चोळा, भांडी घासू नका आणि पुन्हा या. गेले, पुन्हा लाल दिवा. परत मलम, परत गेले, तेव्हा कुठे यंत्राला दया आली. तोवर भांडी न घासता मी मजेत बसले, आणि इमोजीन येऊन घासायची आणि शिव्या घालायची. "तुला परवाना मिळेपर्यंत मला मोलकरणीचा परवाना मिळेल," म्हणायची.

तिथेच माझा फोटो काढला. त्या पोरीला मी म्हटलं, हसू का? ती म्हणाली, आजी, हसा, कुणी अडवलंय. मला वाटायचं सरकारी फोटोत हसायला बंदी असते. तुझ्या तिथल्या फोटोत तू हसत नव्हतास म्हणून तसं वाटलं असेल.

खोली पिवळी रंगवली. तू कळवलं नाहीस, म्हणून मी ठरवलं. पाहुणा रंगाचे ब्रश घेऊन गेला.

तुझी आजी


हिकरी गॅप
३० मे, शनिवार

लाडक्या रॉंडल,

आला, आला, परवाना आला! गाडीच्या लायसन्सएवढाच आहे, पण मी त्याला जिलेटिनच्या कागदात घातलंय. आणि फोटो! अरे, माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी चांगली आले नव्हते, तेव्हा आजोबांनी ऐन वेळी मला हलवलं होतं. या फोटोत माझे सगळे दात आपलेच वाटतात. टपालवाल्याला दाखवला, चर्चमध्ये दाखवला. पाळकांनी म्हटलं, "व्हेस्टा, देव तुझ्यावर खूश दिसतो." मी म्हटलं, "देवाचं माहीत नाही, राज्य सरकार खूश आहे."

आता एक गोष्ट सांगते, पण मनाला लावून घेऊ नकोस, कारण शेवट चांगला आहे. मंगळवारी पाहुणा आला. मी व्हरांड्यात घेवड्याच्या शेंगा मोडत बसले होते. तो नेहमीसारखा आत जाऊन डबे उघडायला निघाला. मी फक्त पर्स उचलून मांडीवर घेतली आणि हात आत घातला. बस. बाहेर काहीच काढलं नाही. मास्तर म्हणाले होते तसं, दाखवायची नसतेच. त्यानं माझ्या पर्सकडे पाहिलं, पर्सच्या पट्ट्याकडे पाहिलं, मी तिला जुन्या गोधडीचं अस्तर लावलंय त्याच्याकडे पाहिलं.

"आई, काय आहे त्यात?"

"परवाना आहे," मी म्हटलं. "बघायचाय? फोटो चांगला आलाय."

मग म्हणाला, "वेड लागलंय तुला," आणि गेला. रॉंडल, तो परत आला नाही. मी रात्री दाराला खुर्ची न लावता झोपते. जेवताना रेडिओ लावते. फोन वाजला तर दचकत नाही. मला कुणी आधी का नाही सांगितलं की माणूस इतकं हलकं असू शकतं म्हणून?

आणि आता तर मला आणखी एक सुचलंय, जे इमोजीनलाही सुचलं नाही. पॅरोलच्या मंडळाला तुझ्याबद्दल पत्र लिहायचं होतं ना, ते मी स्वतःच्या हातानं लिहिलं. लिहिलं की घर स्वच्छ आहे, खोली पिवळी आहे, दारू नाही, चर्च चालत जाता येतं. मग वाटलं, यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा? मी कोण? तिसरी शिकलेली म्हातारी. तेव्हा एकदम डोक्यात उजेड पडला. परवान्याची झेरॉक्स जोडली! लिहिलं, "साहेब, राज्य सरकारनं माझे ठसे घेतले, माझी चौकशी केली, माझ्या नावावर एक डाग नाही हे तुमच्याच सरकारनं लिहून दिलंय. ज्या बाईच्या हाती सरकार पिस्तूल देतं, तिच्या हाती तिचा नातू द्यायला हरकत नसावी."

कसं वाटलं? ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचून पाहिलं. वाचताना माझं मलाच रडू आलं.

तुझी पास झालेली आजी


हिकरी गॅप
२० जून, शनिवार

लाडक्या रॉंडल,

मंडळ हो म्हणालं! इमोजीननं फोन करून विचारलं. म्हणजे पत्ता पसंत पडला की सोडणार. पत्ता तर आपलाच. म्हणजे झालंच. मी सुकी सफरचंदं भिजत घातली आहेत. सफरचंदाच्या थरांचा केक तू आल्यावर दोन दिवस मुरलेला हवा, म्हणून तुझी तारीख आधी कळव.

काल घर बघायला पॅरोल अधिकारी आल्या होत्या, गॅडिसबाई. बाई कसली, पोर आहे, केसाला रबर लावलेली. गाडी चिखलात रुतेल म्हणून रस्त्यावर ठेवून चालत आली, बुटांची वाट लागली. मी तिला आजोबांच्या चपला दिल्या. त्या चपला घालून तिनं सगळं घर पाहिलं. तुझी खोली आवडली. म्हणाली, "रंग छान आहे." न्हाणीघर पाहिलं, फ्रीज उघडला, दारू आहे का पाहिलं. मी म्हटलं, "व्हॅनिलाच्या अर्कात थोडी असते, चालेल ना?" हसली. गोड हसते.

मग म्हणाली, "तुमचं पत्र वाचलं. ते पिस्तूल घरातच असतं?"

"म्हणजे काय," मी म्हटलं, आणि पर्समधून काढून टेबलावर ठेवलं, नळी भिंतीकडे, बोट चापापासून लांब, मास्तरांनी शिकवलं तसं. "दिवसा इथे. झोपताना उशाखाली. गोळ्या भरलेल्या असतात, नाहीतर काय उपयोग?"

"कुलपात नसतं?"

"कुलूप उघडेपर्यंत कोण थांबणार, पोरी?"

तिनं ते लिहून घेतलं. मला बरं वाटलं, म्हणून मी पुढे सांगितलं की रॉंडल आला की आम्ही दोघं सुरक्षित राहू, मास्तर त्यालाही शिकवतील. तिनं वही मिटली. केकचा दुसरा तुकडा वाढला तर घेतला नाही. म्हणाली, पोट भरलंय. पहिलाही अर्धा उरला होता. या मुली आजकाल बारीक होण्यासाठी उपाशी राहतात.

जाताना चपला पुसून परत दिल्या. भली पोर आहे.

तुझी आजी


हिकरी गॅप
१८ जुलै, शनिवार

लाडक्या रॉंडल,

तुझं पत्र आलं. दोन वर्षांनी आलं. मी पाकिटावरचं अक्षर पाहूनच इमोजीनला हाक मारली, आणि मग उघडून वाचलं, आणि मग इमोजीनला घरी पाठवलं.

तू लिहिलंस, "आजी, तू काय केलंस?" मोठ्या अक्षरात लिहिलंस. वाचता येतं मला, लहान अक्षर असतं तरी चाललं असतं. पत्ता नामंजूर, घरात शस्त्र. तुझ्याच बराकीतल्या माणसांना हे माहीत आहे, सगळ्या जगाला माहीत आहे, की सुटलेल्या माणसाला बंदुकीच्या छपराखाली राहता येत नाही, मग तुझ्या आजीला कसं माहीत नाही? असं लिहिलंस. अरे, कुणी सांगितलंच नाही! मास्तरांनी शाळेत नेऊ नका सांगितलं, कोर्टात नेऊ नका सांगितलं, शिकागोला नेऊ नका सांगितलं. नातवाच्या घरी नेऊ नका हे त्या वहीत नव्हतं.

मी गेले त्यांच्याकडे. ते कुंपणाला तार बांधत होते. म्हणाले, "व्हेस्टाबाई, परवाना तुमचा आहे. कायद्यानं तुमच्या घरात बंदूक ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे."

मग गॅडिसबाईला फोन केला. ती म्हणाली, "आजी, कायद्यानं तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण कायद्यानंच मला त्याला तिथे पाठवता येत नाही."

"मग माझं बरोबर की चूक?"

"तुमचं चुकलेलं काही नाही, आजी."

बघ, दोघंही भले, दोघंही खरं बोलले. मी फोन ठेवला आणि शेंगा मोडायला बसले तर शेंगा संपल्या होत्या.

आणि तुझी ती शेवटची ओळ. "आणि आपल्या मागच्या दाराला पायरी कधी होती?" बरं. नव्हती. आजोबांच्या चाकाच्या खुर्चीसाठी तूच फळीचा उतार केला होतास, मी विसरले. लिहिताना पायरीच सुचली. मनगट आता छान आहे. त्याबद्दल पुन्हा विचारू नकोस.

मी ठरवलंय. पिस्तूल जाणार. गॅडिसबाई म्हणाली, घरात नसलं आणि तिनं स्वतः पाहिलं, तर तोच पत्ता पुन्हा देता येतो. तेव्हा आनंद मान. मीही मानते आहे. सफरचंदं वाया गेली नाहीत, डुकराला घातली.

तुझी आजी


हिकरी गॅप
१२ सप्टेंबर, शनिवार

लाडक्या रॉंडल,

पिस्तूल गेलं एकदाचं. इमोजीनच्या घरी तिच्या नवऱ्याच्या तिजोरीत. मी स्वतः नेऊन दिलं, वाटेत चर्चजवळ क्षणभर थांबले, उगाच, दम लागला म्हणून. इमोजीन म्हणाली, "व्हेस्टा, मला हे पटत नाही." मी म्हटलं, "तुला काही पटतं कधी? तुला तर माझी बिस्किटंसुद्धा पटत नाहीत." ती म्हणाली, "तुझ्या बिस्किटांनी माणूस मरतो गं, निदान ती तरी उशाला ठेव." हसलो दोघी. मग ती रडायला लागली, मूर्ख बाई.

परवाना मात्र ठेवलाय. त्याला कुणाची ना नाही, गॅडिसबाईला विचारलं. परवाना म्हणजे काही शस्त्र नाही. तो आता प्रमाणपत्राशेजारी फ्रीजवर आहे. कोंबडी, प्रमाणपत्र आणि मी.

गॅडिसबाई ऑक्टोबरमध्ये येईल. तोवर बाकीचं आवरते.

पाहुणा आला होता. मी पर्स मांडीवर घेतली, नेहमीसारखी. पण रिकामी पर्स मांडीवर बसत नाही रे, कोसळते. वजन होतं तेव्हा ती ताठ बसायची. त्यानं पाहिलं. दोन बोटांनी पट्टा उचलला आणि हातावर तोलून पाहिला, बाजारात भोपळा तोलतात तसा.

"शहाणी झालीस, आई," म्हणाला.

थोडे दिवस राहणार आहे म्हणाला. त्याच्या खोलीवाल्यानं बाहेर काढलंय. पोटचा आहे, पावसात कुठे पाठवू? तुझ्या खोलीत झोपतो, कारण तिथेच गादी आहे. पिवळा रंग त्याला फार भडक वाटतो.

थोडेच दिवस. ऑक्टोबरच्या आत जाईल. मी त्याला सांगितलंय.

तुझी आजी


हिकरी गॅप
१ नोव्हेंबर, रविवार

लाडक्या रॉंडल,

अक्षर वाकडं दिसेल. डाव्या हातानं लिहिते आहे. गंमत म्हणून. म्हातारपणी नवीन काहीतरी शिकावं.

गॅडिसबाई आली होती. या वेळी स्वतःचे रबरी बूट घालून आली, शिकली बघ. पर्स पाहिली, उशी उचलून पाहिली, मोज्यांचं कपाट पाहिलं. म्हणाली, "आजी, शाब्बास." मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीवर थाप मारली. मग ती तुझ्या खोलीचं दार उघडायला गेली. मी म्हटलं, ती खोली तर तू पाहिली आहेस, केक खा ना आधी. पण तिनं उघडलं. पाहुणा झोपला होता, दुपारचा, बुटांसकट.

तिनं दार लावून घेतलं. स्वयंपाकघरात येऊन बसली. तिनं त्याला ओळखलं होतं, कागदांत त्याचा फोटो आहे म्हणाली. हसत नसलेला असणार.

"आजी, हे इथे राहतात?"

"पाहुणा आहे."

"त्यांची पत्रं इथे येतात?"

येतात. सगळी इथेच येतात, बहुतेक बिलं. ती टेबलावरच पडली होती, काय लपवणार?

मग तिनं मला समजावलं, सावकाश, मी तिसरी शिकलेली आहे म्हणून नाही, तिलाच सांगायला जड जात होतं म्हणून. शिक्षा झालेला माणूस ज्या घरात राहतो, तिथे सुटलेल्या माणसाला राहता येत नाही. त्यातून एकाच गुन्ह्यातले दोघं तर मुळीच नाही. बंदूक होती तेव्हा बंदुकीमुळे नाही, आता याच्यामुळे नाही.

"तुम्ही त्यांना बाहेर काढू शकता का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "काढलं होतं, पोरी. उन्हाळाभर तो या दाराशी फिरकला नव्हता. कशानं काढलं होतं ते तुला माहीत आहे."

ती आजोबांच्या चपलांकडे बघत बसली, त्या दाराशी होत्या.

डेप्युटीला बोलावून पाहिलं, तिच्याच सांगण्यावरून. आला, तरुण आहे, टोपी काढून बोलतो. म्हणाला, महिन्याच्या वर राहिला, टपाल येतं, म्हणजे आता तो इथला रहिवासी. काढायचं तर कोर्टात अर्ज करा, तारीख मिळेल. आणि हाताचं काय झालं विचारलं. मी म्हटलं, पायरीवरून पडले. तो बाहेर जाऊन मागच्या दाराकडे पाहून आला. आणि पाहुण्याला एका रात्रीसाठी कोठडीत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणा चालत परत आला. त्यानंतर मी डाव्या हातानं लिहायला शिकले.

इमोजीन म्हणते, पिस्तूल परत आण. आणता येईल. पाहुणा जाईल, मग पुन्हा घरात पिस्तूल, मग तू नाही. नेऊन ठेवलं तर पुन्हा पाहुणा, मग तू नाही. मी कागदावर लिहून पाहिलं, कोंबडीच्या चित्रामागे, सगळे तुकडे जोडून पाहिले. गोधडी होत नाही. कुठून तरी गारठा येतोच.

म्हणून ऐक आता. जन्मात तुला सांगेन असं वाटलं नव्हतं ते सांगते. पुन्हा विचारतील तेव्हा आपला पत्ता देऊ नकोस. गॅडिसबाई म्हणाली, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मेम्फिसला, सुटलेल्यांसाठी एक घर आहे. रांग मोठी आहे, तारीख कुणी सांगत नाही, आणि मिळालं तरी त्या जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे इकडे यायचं नाही. आणि मला काही आता एवढा प्रवास झेपणार नाही. तरी तोच दे. त्या घराला पिवळा रंग आहे की नाही ते मी विचारलं, तिला माहीत नव्हतं.

पत्रं मात्र इथेच पाठव. पाहुणा माझी पाकिटं उघडत नाही.

केक केला होता, गॅडिसबाईसाठी. तिनं या वेळी दोन तुकडे खाल्ले, दुसरा रडत खाल्ला. बाकीचा त्यानं संपवला. मुरायला ठेवलाच नव्हता.

तुझ्याकडे माझा एकही फोटो नाही ना? इमोजीनकडून परवान्याची मोठी झेरॉक्स काढून आणली, ती सोबत ठेवते आहे. भिंतीला लाव, लावू देत असतील तर. मास्तर म्हणतात अजून साडेतीन वर्षं चालतो. किती छान हसलेय बघ.

तुझी आजी